जीर्ण आणि अजीर्ण

वार्धक्यासाठी संस्कृतातून मराठीत आलेल्या शब्दांचा विचार केला, तर त्यांच्यामागे दोन भिन्न दृष्टी उभ्या असल्याचे लक्षात येते. ‘वृद्ध’ हा शब्द ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूपासून आलेला आहे; जो वाढला तो वृद्ध. ‘जरा’ हा शब्द ‘जॄ’ या धातूपासून आलेला असून झिजणे, विरणे हा त्याचा अर्थ आहे. एका शब्दात संचय आहे, दुसऱ्यात ऱ्हास. ‘जॄ’पासूनच ‘जीर्ण’ हे विशेषण सिद्ध होते आणि त्याला आणखी एक अर्थ आहे. वस्त्र जुने होऊन विरते तेही जीर्ण आणि अन्न पचते तेही जीर्ण. म्हणूनच अन्न न पचण्याच्या विकाराला ‘अजीर्ण’ म्हणतात. झिजणे आणि पचणे या दोन क्रिया एकाच धातूने सांगणाऱ्या भाषेला आधुनिक जीवशास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु गेल्या सहा-सात दशकांत अगदी साध्या जीवांच्या वार्धक्याविषयी जे ज्ञान हाती आले आहे, ते वाचताना या धातूची आठवण होते. कारण तेथे वार्धक्याचे एक आरंभीचे रूप पचनाच्या अपयशाचेच आहे.

‘चयापचय’ या पारिभाषिक शब्दाची फोड केली तरी हाच मुद्दा पुढे येतो. चय म्हणजे रचणे, साठवणे. अपचय म्हणजे मोडणे, उतरवणे. सजीव पेशी या दोन क्रियांच्या समतोलावर उभी असते. तिच्यातील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन ही ॲमिनो आम्लांची लांब साखळी असते. ती विशिष्ट रीतीने दुमडली, तिची घडी नीट बसली, तरच ती आपले काम करू शकते. उष्णतेने किंवा ऑक्सिजनच्या उपद्रवी संयुगांनी ही घडी विसकटते. विसकटलेल्या प्रथिनांचे चिकट भाग उघडे पडतात, ती एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे पुंजके बनतात. हे टाळण्यासाठी पेशीत दुहेरी व्यवस्था असते. काही साहाय्यक प्रथिने विसकटलेली घडी पुन्हा बसवून देतात; जी प्रथिने दुरुस्तीपलीकडे गेली ती मोडून त्यांतील ॲमिनो आम्ले पुन्हा वापरात आणली जातात. तरुण पेशीतही बिघाड होतच असतो. तारुण्य म्हणजे बिघाडाच्या वेगाशी दुरुस्तीचा वेग जुळता राहणे, एवढेच.

हा समतोल ढळताना कसा दिसतो हे पाहण्यासाठी अभ्यासकांनी निवडलेला जीव अतिपरिचित आहे. पाव फुगवणारे आणि द्राक्षरस आंबवणारे यीस्ट मुकुलनाने वाढते. पेशीच्या अंगावर एक अंकुर येतो, तो मोठा होतो आणि वेगळा होतो. १९५९ साली रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अंकुर सुटताच तो बाजूला केला आणि एकेका मातृपेशीला किती अंकुर येतात हे मोजले. ती संख्या अमर्याद नव्हती. साधारणपणे वीस-तीस अंकुर दिल्यानंतर मातृपेशी मंदावते, थांबते आणि मरते. तिच्यापासून सुटलेली कन्यापेशी मात्र पुन्हा शून्यापासून सुरुवात करते; आईचे वय तिला लागत नाही. अतिवृद्ध मातृपेशीच्या अखेरच्या कन्या याला काहीशा अपवाद असतात, त्यांचे आयुष्य तोकडे ठरते. पण एकंदर नियम स्पष्ट आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतात आणि त्यांतील एक म्हातारी व दुसरी तरुण असते.

मग वार्धक्य राहते कोठे? २००३ साली स्वीडनमधील थॉमस न्युस्ट्रोम यांच्या गटाने असे दाखवले, की ऑक्सिडीकरणाने बिघडलेली प्रथिने विभाजनाच्या वेळी मुख्यतः मातृपेशीतच राहतात. ‘सर-२’ या नावाने ओळखले जाणारे प्रथिन पेशीत नसेल, तर ही वाटणी बिघडते आणि आईचा भार कन्येच्याही वाट्याला येतो. २०१२ साली ॲडम ह्यूज आणि डॅनियल गॉट्शलिंग यांनी आणखी मागे जाऊन पाहिले. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक आम्लधर्मी पिशवी असते. टाकाऊ प्रथिने तिच्यात पचतात आणि ॲमिनो आम्ले तिच्यात साठवली जातात. मातृपेशीच्या आयुष्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यात, म्हातारपणाची ठळक चिन्हे दिसण्यापूर्वीच, या पिशवीची आम्लता उतरू लागते. तिची साठवण ढासळते आणि त्यापाठोपाठ पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बिघडतात. आम्लता टिकवून धरली, तर पेशीचे आयुष्य वाढते. कन्यापेशीत ही आम्लता पूर्ववत झालेली असते. ‘अजीर्ण’ हा शब्द येथे रूपक राहत नाही. तो जवळजवळ वर्णनाच्या पातळीवर येतो.

पुढे पेशीचे सबंध वर्तनच बदलते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात असे आढळले, की वय वाढते तसतशी प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेतील घटक-प्रथिने, त्यांच्यासाठी निघणाऱ्या संदेशांच्या मानाने, अधिक प्रमाणात साचत जातात. आज्ञा आणि अंमल यांची फारकत होऊ लागते. २०१९ सालच्या दुसऱ्या अभ्यासानुसार वृद्ध होणारी पेशी साखर कमी घेते आणि आंबवण्याच्या घाईच्या मार्गाकडून श्वसनाच्या संथ मार्गाकडे वळते. या वळणाला ऱ्हास म्हणावे की परिस्थितीशी केलेली तडजोड म्हणावे, हे केवळ मोजमापातून ठरत नाही. आणि जेथे मोजमाप संपून नाव देण्याचे काम सुरू होते, तेथेच हा विषय नीतिविचाराच्या कक्षेत प्रवेश करतो.

‘मातृपेशी’ आणि ‘कन्यापेशी’ ही नावे निरुपद्रवी वाटतात. एकदा ती स्वीकारली, की बाकीची कथा आपोआप रचली जाते: आई सगळे किल्मिष स्वतःजवळ ठेवते, लेकीला निर्मळ करून जगात पाठवते आणि स्वतः मरते. मातेच्या त्यागाची ही कथा भारतीय वाचकाला इतकी ओळखीची आहे, की ती पेशीत सापडल्याचा त्याला आनंदच व्हावा. परंतु ही कथा तपासून पाहिली पाहिजे. बिघडलेल्या प्रथिनांचे पुंजके आईकडे कसे राहतात, याविषयी संशोधकांत मतभेद झाले. २०१० साली मांडलेल्या एका मतानुसार पेशीतील तंतूंच्या आधाराने ते अंकुरातून परत आईकडे आणले जातात. २०११ साली मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार आणण्या-नेण्याची गरजच नाही. पुंजके संथ आणि स्वैर हालचाल करतात, अंकुराची मान अरुंद असते, वेळ थोडा असतो, त्यामुळे ते बहुतांशी मागेच राहतात. ‘ठेवून घेणे’ आणि ‘राहून जाणे’ यांतील हे अंतर नैतिकदृष्ट्या मोठे आहे. परंतु पहिले मत खरे मानले, तरी तेथे ठेवून घेणारी इच्छा नाही. जेथे न देण्याची शक्यता नव्हती, तेथे देण्याचे पुण्यही नाही. यीस्टच्या पेशीला त्यागी म्हणणे हा तिचा गौरव नसून त्याग या शब्दाचे अवमूल्यन आहे.

विशेष म्हणजे ज्या १९५९ साली मातृपेशीचे अंकुर मोजले गेले, त्याच वर्षी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. पण ययातीच्या कथेत वार्धक्याच्या वाटणीचा नेमका उलटा प्रकार आहे, हे लक्षणीय आहे. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाती आपले वार्धक्य मुलांपैकी कोणीतरी घ्यावे, अशी मागणी करतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पूरू होकार देतो. पेशीत जरा मागच्या पिढीकडे राहते आणि तारुण्य पुढे जाते. येथे पिता तारुण्य मागे ओढून घेतो आणि जरा पुढे ढकलतो. कथेतील हा विपर्यास श्रोत्याला अस्वस्थ करतो, आणि त्या अस्वस्थतेचे कारण केवळ निसर्गक्रम उलटला हे नाही. खरे कारण असे, की येथे मागणारा आहे, नाकारणारे आहेत आणि होकार देणाराही आहे. पूरूला ‘नाही’ म्हणता आले असते. त्याच्या चार भावांनी तसे म्हटलेच होते. म्हणूनच त्याच्या होकाराला मूल्य आहे आणि म्हणूनच ययातीच्या मागणीचा न्यायनिवाडा करता येतो. शेवटी भोगाने वासना शमत नाही हे उमगून ययाती तारुण्य परत करतो आणि आपले वार्धक्य स्वतः घेऊन वनात जातो. ज्या क्षणी तो आपला भार स्वतःचा म्हणून स्वीकारतो, त्या क्षणी तो प्रथमच नैतिक कर्ता ठरतो.

गिरीश कार्नाड यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ययाति’ या कन्नड नाटकाने या वाटणीतील आणखी एक पदर उघड केला. पूरूने पित्याचे वार्धक्य घेतले, परंतु त्याच्या पत्नीला, चित्रलेखेला, कोणी विचारले नव्हते. पिता-पुत्रांच्या या उदात्त व्यवहाराचे मोल तिने द्यायचे होते आणि ती ते मृत्यूने देते. वार्धक्याची वाटणी दोघांत ठरते तेव्हा तिचा भार बहुधा तिसऱ्यावर पडतो. कुटुंबात वृद्धाची सेवा कोण करतो आणि त्या सेवेचे श्रेय कोणाला मिळते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना चित्रलेखेचा प्रश्न पुराणातला वाटणार नाही.

पेशीपासून माणसाकडे येणारा मार्ग असा निसरडा असतो, याची साक्ष जीवशास्त्राच्या इतिहासातच आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८१ सालच्या एका व्याख्यानात मृत्यूची उपपत्ती मांडताना असे प्रतिपादन केले, की झिजलेल्या व्यक्ती जातीला निरुपयोगीच नव्हे तर हानिकारक असतात, कारण त्या सुदृढांची जागा अडवतात. म्हणून निसर्गाने आयुष्याला मर्यादा घातली. पुढे वाइसमान स्वतः या मताला चिकटून राहिले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला पीटर मेडावर यांनी या युक्तिवादातील चक्र दाखवून दिले: म्हातारे झिजलेले का असतात हे ज्याला सांगायचे आहे, त्याने ते झिजलेले असतात हे आधीच गृहीत धरले आहे. परंतु तार्किक दोष दाखवल्याने वाक्याची भूल ओसरत नाही. ‘जागा अडवणारे’ हा शब्दप्रयोग वर्णनाचा वेष घेऊन आलेला निवाडा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात काही माणसांची आयुष्ये ‘निरुपयोगी’ ठरवणारी भाषा प्रथम विद्वानांच्या लेखनात रुळली आणि नंतर राज्यसत्तेच्या आदेशांत उतरली. तिचा दोष वाइसमान यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण असे शब्द प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहत नाहीत, एवढे त्यावरून शिकता येते.

१९७७ साली टॉमस कर्कवुड यांनी मांडलेली उपपत्ती अधिक संयत आहे. जीवाकडे ऊर्जा मर्यादित असते. ती शरीराच्या दुरुस्तीवर खर्च करावी की संततीवर, असा पेच असतो. आणि बाह्य संकटांनी मृत्यू कधीही येऊ शकत असल्यामुळे शरीर अनंतकाळ टिकवण्यावर खर्च करणे परवडत नाही. ही उपपत्ती ‘टाकाऊ शरीरा’ची उपपत्ती म्हणून ओळखली जाते. तिच्यात निवाडा नाही, हिशेब आहे. तथापि ‘टाकाऊ’ हे विशेषण तेथेही आहेच. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९-४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, ‘आहे’ या विधानावरून ‘असावे’ या विधानाकडे नकळत उडी घेणाऱ्यांना हटकले होते. वार्धक्याच्या संदर्भात ही उडी वाक्यात दिसत नाही. ती विशेषणात दडलेली असते.

या दृष्टीने एका सूत्रकृमीची हकिकत उद्बोधक आहे. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी सुमारे दोन-तीन आठवडे जगतो. त्याची प्रौढ उभयलिंगी व्यक्ती प्रजननाच्या पेशी सोडल्या तर अवघ्या ९५९ पेशींची असते. अंडी घालण्याचा काळ संपल्यावरही तिचे शरीर अंड्यातील बलकाची प्रथिने बनवत राहते. २०१८ साली लंडनमधील डेव्हिड जेम्स यांच्या गटाने दाखवले, की या बलकासाठी ती स्वतःचे आतडे खर्ची घालते. आतडे क्षीण होते आणि निरुपयोगी बलक शरीरात साचत जातो. निष्कर्ष असा, की थांबवता न आलेल्या कामाची ही विकृती होय. तीन वर्षांनी, २०२१ साली, त्याच गटाने आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. तो बलक शरीराबाहेर टाकला जातो, पिल्ले तो खातात आणि त्याने त्यांची वाढ सुधारते. या वेळी त्याला आदिम स्वरूपाचे स्तन्य म्हटले गेले.

पदार्थ तोच, कृमी तोच, संशोधकही तेच. बदलले ते नाव, आणि नाव बदलले ते पाहण्याची चौकट रुंदावल्यामुळे. एकट्या वृद्ध कृमीकडे पाहिले तेव्हा साचलेला बलक विकृती दिसला. भोवतालच्या पिल्लांसह पाहिले तेव्हा तो अन्न दिसला. पहिले निरीक्षण खोटे ठरले नाही, आतड्याचा क्षय खराच होता. परंतु वार्धक्यात शरीराचे जे होते त्याला ‘निरर्थक’ म्हणण्यापूर्वी त्याचा अर्थ कोणत्या परिसरात शोधला, हे विचारणे भाग आहे, इतके या उदाहरणावरून सिद्ध होते. अर्थात येथेही सावध राहिले पाहिजे. वृद्धेचे शरीर पिल्लांच्या उपयोगी पडते म्हणून ते मोलाचे, असे म्हटले तर उपयुक्ततेचा तोच जुना निकष मागील दाराने परत येतो. जिच्या बलकावर कोणीही पोसले जात नाही, तिचे काय, हा प्रश्न उरतोच.

साचलेल्या प्रथिनांविषयीचे मतही असेच पालटत गेले आहे. १९९३ साली सिंथिया केनियन यांच्या गटाने ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील बदलाने या कृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक होते, असे दाखवले. वार्धक्याची गती बदलता येते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. २०१५ साली या कृमीच्या पाच हजारांहून अधिक प्रथिनांची आयुष्यभर मोजणी झाली, तेव्हा वयाबरोबर त्यांचे परस्परप्रमाण ढासळते आणि पुंजके सर्वत्र वाढतात हे दिसले. परंतु दीर्घायुषी कृमींतही पुंजके होते. त्यांत साहाय्यक प्रथिने मोठ्या प्रमाणात मिसळलेली होती आणि हे पुंजके घातक प्रथिनांना बांधून ठेवण्याचा बचाव असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. दीर्घायुष्याचे मोलही फुकट नव्हते. २००४ सालच्या एका प्रयोगात डॅफ-२ बदल असलेले कृमी सामान्य कृमींबरोबर एकत्र वाढवले, तेव्हा प्रारंभीच्या संततीत मागे पडल्यामुळे ते काही पिढ्यांतच नाहीसे झाले. दीर्घायुष्य हे निरपवाद हित आहे असा कौल निसर्ग देत नाही. अल्पायुष्याच्या बाजूनेही तो कौल देत नाही. तो कौलच देत नाही.

म्हणून कौल माणसालाच द्यावा लागतो आणि तो बहुधा शब्दांच्या निवडीतून दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीच्या आराखड्यात ‘वार्धक्य’ हीच एक नोंद म्हणून घालण्यात आली होती. वार्धक्याला रोगांच्या यादीत बसवले, तर वृद्धांच्या खऱ्या व्याधी ‘वय झाले’ या सबबीखाली दुर्लक्षित राहतील, असा आक्षेप अनेक देशांतून घेतला गेला. ही आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये अमलात येण्यापूर्वी तो शब्द काढून, वयाबरोबर अंगभूत क्षमतेत होणारा ऱ्हास, अशा अर्थाची शब्दरचना करण्यात आली. बाहेरून हा कारकुनी तपशील वाटेल. वस्तुतः त्यात एक मोठा भेद आहे: क्षमता घटते हे विधान माणसाविषयी काही सांगते, वार्धक्य हाच विकार आहे हे विधान माणसालाच विकार ठरवते.

यीस्टच्या वार्धक्याला आणखी एक शेवट आहे. उपासमारीच्या परिस्थितीत विशिष्ट पेशी मुकुलन सोडून बीजाणू बनवतात. २०११ साली असे सिद्ध झाले, की वृद्ध पेशीपासून झालेले बीजाणूही तरुण असतात. आईचे वय त्यांच्यापैकी कोणालाच लागत नाही. २०१९ साली त्यामागील क्रिया उलगडली. साचलेला भार बीजाणूंच्या केंद्रकांपासून बाजूला ठेवला जातो आणि अखेरीस रिक्तिका फुटून तिच्यातील पाचक द्रव्यांबरोबरच त्याचा नाश होतो. आयुष्यभर जे पचले नाही ते त्या अखेरच्या क्रियेत पचते. म्हणजे अजीर्ण हे पदार्थाचे अटळ प्राक्तन नव्हते. पचनाची शक्ती केव्हा आणि कोणासाठी वापरली जाते, यावर ते अवलंबून होते.

येथपर्यंत पेशी सोबत येते. पुढे येत नाही. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीकडून काहीतरी न पचलेले मिळते आणि प्रत्येक पिढी काहीतरी न पचलेले मागे ठेवते. मातृपेशीला ते स्वतःजवळ राहते की पुढे जाते हे ठाऊक नसते; माणसाला ठाऊक असते, निदान ठाऊक होऊ शकते. म्हणून निसर्ग वृद्धाकडे भार ठेवतो, यावरून वृद्धाने भार घेऊन बाजूला व्हावे हे निष्पन्न होत नाही. आणि विज्ञान उद्या तो भार हलका करू शकेल, यावरून तो कोणाच्याही खर्चाने हलका करावा हेही निष्पन्न होत नाही. वार्धक्याविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न आयुष्य किती लांबवता येईल हा नाही. जे साचले आहे ते कोणाकडे राहणार, त्याला विचारले होते काय, आणि त्याला ‘नाही’ म्हणता आले असते काय, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. ययातीला त्यांचे उत्तर सापडायला पुत्राचे सारे तारुण्य खर्च करावे लागले. ‘जीर्ण’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र वाचले, तर एवढे म्हणता येते, की झिजणे माणसाच्या हाती नाही, आयुष्यात जे वाट्याला आले ते पचवणे काही अंशी आहे. आणि न पचलेले दुसऱ्याच्या पानात वाढण्यापूर्वी त्याला विचारणे पूर्णपणे आहे.